जांभळ्या माशाची जबाबदारी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे व प्रवाळ विकण्याचा, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. डॉक्टरांनी माझं हृदय तपासून जे सांगितलं त्याला दडपण म्हणता येईल, पण त्यात त्यांचा काही स्वार्थ नाही. याआधी केलेलं माझं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. ते का रद्द केलं हे कलम सहामध्ये आहे. वाचणाऱ्याने मधली कलमं गाळून तिकडे उडी मारू नये.

कलम एक. तळमजल्यावरचं राहतं घर, तीन खोल्या व मागची धुण्याची जागा यांसह, माझी पत्नी हयात असेपर्यंत तिच्या ताब्यात राहील. तिच्यानंतर ते माझ्या मुलीचं. मुलगी माझ्या पहिल्या पत्नीची. पहिली पत्नी आठ वर्षांपूर्वी वारली आणि दोन वर्षांनी मी दुसरं लग्न केलं. मुलगी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. ती लग्नाला ऑफिसच्या कपड्यांत आली, सही केली आणि परत कामावर गेली. माझ्या पत्नीला ती मावशी म्हणते.

कलम दोन. बँकेत जे काही शिल्लक असेल ते दोघींना निम्मं निम्मं. भांडावं इतकं ते नाही.

कलम तीन. पाण्यातला क्षार मोजायचं यंत्र, लांब चिमटे, प्रवाळ कापायची कात्री, दोन पंप व सहा निळ्या बादल्या, हे सर्व अठ्ठावीस वर्षं माझ्यासाठी काचेच्या टाक्या जोडणाऱ्या कारागिराला द्यावं. त्याची एकही टाकी कधी गळली नाही, आणि बिल मागताना तो माझ्यापेक्षा जास्त लाजायचा. बादल्यांना आजवर साबणाचा थेंब लागलेला नाही, पुढेही लागू नये. त्याच्या घरी कोणी त्यांत कपडे भिजत घातले तर मी कुठेही असलो तरी मला ते समजेल.

कलम चार. माझी वही. दुकानात गल्ल्याच्या शेजारी ती चाळीस वर्षं होती. तिच्यात कोणता प्राणी कोणाबरोबर नांदेल हे लिहिलेलं आहे. गिऱ्हाईक रंग बघून मासा मागतं. मी आधी विचारायचो, "घरी कोण कोण आहे?" लोकांना हसू यायचं. पण भित्रा मासा आधी सोडावा लागतो आणि दांडगा सगळ्यांत शेवटी, कारण जो आधी येतो तो सगळ्या कपारी आपल्या समजतो. एकाच घडणीचे दोन मासे एकमेकांना बघून घेतात. ज्याच्या तोंडात जे मावेल ते तो खाणारच, त्यात त्याचा दोष नाही.

एका दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यातल्या टाकीत लायनफिश हवा होता. टाकीत आधीपासून छोट्या कोळंब्या होत्या, चिमुकले मासे होते. मी नाही म्हटलं. ते समोरच्या दुकानात गेले आणि तिथे लगेच मिळाला. दहा दिवसांनी त्या टाकीत एकटा लायनफिश डौलात फिरत होता आणि पेशंट विचारत होते, बाकीचे कुठे गेले. ही वही त्या समोरच्या दुकानदाराला द्यावी. वीस वर्षं त्याने कोणालाही काहीही हसतमुखाने विकलं आणि मला मात्र लोक खडूस म्हणाले. तो वही वाचणार नाही हे मला माहीत आहे. तरी वही मिळाल्याची पोच त्याच्याकडून सहीनिशी घ्यावी.

कलम पाच. घरातल्या मधल्या खोलीत सहा फुटी टाकी आहे. तिच्यात सध्या अ‍ॅनिमोनमध्ये, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात, राहणारी क्लाउनफिशची जोडी, एक पिवळा टँग मासा, तीन कोळंब्या, प्रवाळ आणि एक जांभळा डॉटीबॅक आहे. टाकी भरलेली असताना हलवता येत नाही. मासे कोणाकडे जातील हे कलम सातमध्ये पाहावं.

कलम सहा. हे कलम मालमत्तेचं नाही. वकीलबाईंनी दोनदा विचारलं, "हे खोडू का?" मी म्हटलं, "बाकी सगळं खोडा, हे राहू द्या."

माझ्या पहिल्या पत्नीने आजारपणात दुकानात येऊन शेवटची जी निवड केली ती दोन फायरफिशची. बोटाएवढा मासा, पुढून पांढरा, शेपटीकडे लालभडक, आणि स्वभावाने अत्यंत भित्रा. कोणी अंगावर आलं तर तो भांडत नाही, लपतो. लपायला जागा उरली नाही तर पाण्याबाहेर उडी मारतो. आई गेल्यावर ती जोडी मुलीने सांभाळली. ऑफिसमधून आली की चपलाही न काढता ती आधी टाकीपुढे बसायची.

माझ्या दुसऱ्या लग्नाला चार महिने झाले होते. मुलगी माझ्या पत्नीशी हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती. एके दिवशी पत्नी दुकानात आली आणि एकट्या ठेवलेल्या एका जांभळ्या माशापाशी थांबली.

"हा नेऊ या का तिच्यासाठी? जांभळा रंग तिला आवडतो," ती म्हणाली. मग लगेच, "अहो, पण बाकीच्यांबरोबर चालेल ना?"

वहीत डॉटीबॅकच्या, म्हणजे याच जांभळ्याच्या, नावापुढे लाल शाईने लिहिलं आहे, भित्र्या माशांबरोबर कधीही नाही. अक्षर माझंच आहे. गिऱ्हाइकाने विचारलं असतं तर त्याला मी चार शब्द सुनावले असते. पण चार महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा असा खुलला होता. मी म्हणालो, "चालेल." टाकी मोठी आहे, आपण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू, अशी मी स्वतःची समजूत घातली. मासा मी माझ्या हाताने सोडला. लक्ष दोन दिवस ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी ऑफिसच्या दौऱ्यावरून घरी आली तेव्हा दोन्ही फायरफिश टाकीमागे फरशीवर वाळून पडले होते.

"हा जांभळा कोणी आणला?" तिने विचारलं.

"मी आणला," माझी पत्नी म्हणाली.

मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्हाला विचारलं होतं यांनी?"

मी म्हणालो, "मला विचारायला हवं होतं."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. तीच माझी हुशारी. मुलीला मासे कोणाबरोबर ठेवावेत हे बोट धरून शिकवणारा मी, आणि तिच्या आईची शेवटची निवड माझ्याच हाताने गेली, हे तिच्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली. मी वेळ मारून नेली आणि सगळं खापर पत्नीच्या माथी फुटलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, कागद आणला, ते दोन मासे उचलले. त्या गोष्टीबद्दल ती नंतर एक अक्षर बोलली नाही. मुलगी आठवड्याच्या आत वेगळी राहायला गेली आणि सहा वर्षं या घरात आली नाही.

रद्द केलेल्या मृत्युपत्रात मी घर पत्नीला आणि टाकी मुलीला दिली होती. अट अशी, की मुलीने दर रविवारी येऊन पाणी बदलावं, नाहीतर टाकी समोरच्या दुकानात जावी. वाटलं, एकत्र ठेवलं की आपोआप जमेल. वकीलबाईंनी ते वाचून चष्मा काढला.

"हे त्या दोघींचं जमावं म्हणून आहे, की तुम्हाला तोंड उघडावं लागू नये म्हणून?"

म्हणून मी मुलीला फोन करून मागच्या रविवारी बोलावलं आणि दोघींच्या समोर वर लिहिलेलं सगळं सांगितलं. मुलगी मग माझ्या पत्नीला म्हणाली, "मावशी, सहा वर्षं झाली. तुम्ही का नाही सांगितलं?"

"तुझी आई गेली होती," पत्नी म्हणाली. "म्हटलं, बाप तरी राहू दे."

मुलगी माझ्याशी न बोलता गेली. बापलेकीचं गोड झालं असं मागाहून कोणी म्हणू नये, म्हणून ही नोंद.

कलम सात. टाकी व तिच्यातले सर्व प्राणी माझी पत्नी आणि माझी मुलगी या दोघींचे, बिनशर्त. ठेवावी, वाटून टाकावी किंवा रिकामी करून तिथे कपाट ठेवावं. जांभळ्या माशाला शिक्षा म्हणून कुठे देऊन टाकू नये. तो त्याच्या स्वभावाप्रमाणे वागला. त्याला कुठे सोडायचं हे ठरवणं माझं काम होतं.

हे लिहीत असताना एक गोष्ट घडली, ती याच कलमात घालतो. काल रविवारी मुलगी पुन्हा आली. कोणी बोलावलं नव्हतं. मी आतल्या खोलीत पलंगावर होतो. नळीतून पाणी पडल्याचा आवाज आला, मग मुलीचा, "मावशी, इकडून धरा, सांडेल." मग पत्नी काहीतरी हळू आवाजात म्हणाली आणि मुलगी हसली. ते हसणं मी या घरात सहा वर्षांनी ऐकलं. मला हाक मारतील म्हणून मी चष्मा लावून, शर्टाची बटणं लावून तयार बसलो. तासाभराने बाहेरचं दार लागलं. मला कोणी हाक मारली नाही. त्याबद्दल माझी काही हरकत नाही, असं या ठिकाणी लिहून देतो.

सही: लिहून ठेवणार, स्वहस्ते

साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर. लिहून ठेवणाऱ्याची बुद्धी शाबूत असल्याची खात्री करून सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. मजकूर वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, बाकी कशाला हात लावला नाही.

ठिकाण: राहतं घर, आतली खोली

दिवस: सोमवार, सकाळी