उंबऱ्यावरची राख

९ सप्टें., मंगळ.
गव्हाच्या कोठीमागे सापाची कात सापडली. ताजी, दोन हात लांब. सौ.ला दाखवली, प्रणिताला नाही. लेक बाळंतपणाला आलेली, तिचं बाळ आज अठरा दिवसांचं. पोरीला दुसरीकडे हलवू म्हटलं, तर सौ. म्हणे, "सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण उंबरा वलांडते काय? काहीबाही बोलता!"
घराला दार एकच. बिळं उन्हाळ्यात बुजवलेली, खिडक्यांना जाळ्या. दिवसा दारात मी बसतो. संध्याकाळी दिवा लावल्यावर उंबऱ्यावर चुलीची राख चाळून पसरली. आमचे बाबा करत तसं.

११, गुरु.
दोन्ही सकाळी राख जशीच्या तशी. गेला असता तर रेघ उमटली असती. रेघ नाही, म्हणजे गेला नाही. म्हणजे आत आहे.
प्रणिताला सांगावंच लागलं. तिने बाळ छातीशी धरलं. अमरावतीला तिचा अभ्यास हाच, तर्कशास्त्र आणि संगणक. मग म्हणाली, "बाबा, साप हाये हे तुमी सिद्ध केलं, पण कुठं हाये ते त्यात नाही. जुन्या तर्कशास्त्राले एवढं पुरते. संगणक म्हणते, जागा दाखवा."
मलाही जागाच पाहिजे, माय.

१२, शुक्र.
मंगरूळपीरहून सलीमभाई आले. वेल्डिंगचं दुकान, पण साप धरण्यात नाव. तिन्ही खोल्या पाहिल्या. "भाऊ, घर साफ हाये. नाही म्हणजे नाही."
"अन् निघाला तं?"
"तं फोन करा. मी येतो अन् म्हणतो, हाये!"
चहा पिऊन हसत गेले. प्रणिता हसली नाही. "बाबा, 'हाये किंवा नाही, दोनातलं एक खरंच' असं न पाहता धरलं, तर संगणकावर ते असंच चालते. आधी 'नाही' म्हणून टाकते. तुमी साप नेऊन दाखवला, का मागं फिरून 'हाये' म्हणते. खोटं कधीच पडत नाही."
दाखवायचा कोणी, ते मी विचारलं नाही. ती पाळण्याकडे पाहत होती.

१३, शनि.
जपात मन नाही. माळ तीनदा मधेच सुटली. दोरी, पट्टा, पंख्याची वायर, सगळ्याला दचकतो. तोंडात सापापासून राखणाऱ्या ऋषीचं नाव, आस्तिक, आस्तिक.

१४, रवि.
आज लवकर उठलो. सौ. सडा टाकत होती. उंबरा स्वच्छ पुसलेला.
"राख?"
"रोजच तं झाडतो मी. सकाळी उंबरा राखेचा ठेवते काय कोणी? तुमी चिडसान म्हणून मंग नवी पसरून ठेवतो."
"रेघ होती काय?"
"अंधारात काय दिसते मले!"
खाली बसलो. आत आहे, हे गेलं. बाहेर गेला, हेही म्हणता येत नाही. कालपर्यंत भीतीला निदान टेकायला भिंत होती.
प्रणिता म्हणाली, "घराचं सोडा बाबा. पाहता येते तेवढंच इचारू. पाळण्यात हाये काय?"
दुपटं झटकलं, गादी उचलली. नाही. हे मात्र माझ्या हातांनी पाहिलेलं.

१५, सोम.
सव्वा महिन्याला अजून चौदा दिवस. शेतात गेलो नाही, पाळण्याशेजारी बसलोय. प्रणिताला आज कुठे झोप लागली. "तुमी पाहत राहा बाबा," म्हणाली अन् डोळे मिटले.
अकराला पाहिलं, नाही. सव्वा अकराला पाहिलं, नाही.
या चार ओळी लिहीपर्यंत मान खाली होती.