धाराशिवचं रेडिओघर

१२ जुलै १९४८, बार्शी

भाजीला गेले तर कापडाच्या दुकानात रेडिओ चालू. कुणीतरी बाई मराठीत सांगत होती — लोणचं कसं टिकवावं! मी तिथंच उभी. दुकानदार म्हणाला, "काय दाखवू बाई?" ती बाई माइकच्या फार जवळ बसते, एवढंच मला कळत होतं. मी तिथं असते तर तिला चार बोटं मागं सरकवलं असतं.

चार वर्षं मीही माइकवर बोलले. धाराशिवच्या रेडिओघरात. तिथून निघून दीड महिना झाला. इथं थोरल्या भावाच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं. भाऊ चांगले आहेत, वहिनी चांगल्या आहेत. पण माझ्या आवाजाला इथं काही काम नाही.

१३ जुलै

काल लिहिलं आणि शांत झोप लागली! म्हणजे लिहावं.

१९ जुलै

रेडिओघर म्हणजे तहसीलीमागच्या दोन खोल्या. एकीत माइक, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. दुसरीत यंत्रं, ती मौलाभाई सांभाळायचे. तिथून तारा जायच्या, गावात चार भोंगे. संध्याकाळी साडेपाचला अर्धा तास उर्दू, मग अर्धा तास मराठी. बाजारभाव, सरकारी हुकूम, देवी टोचून घ्या, एखादं गाणं. बस्स.

मी मुलींच्या शाळेत शिकवायची. मराठी वाचणारी बाई हवी होती, माझं नाव गेलं. पहिल्या दिवशी "नमस्कार" म्हणाले आणि जीभ टाळ्याला चिकटली! सगळं गाव भोंग्याकडं तोंड करून उभं असणार! मौलाभाई दारात आले. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, खिशात स्क्रू पिळायचा पेचकस. हळूच म्हणाले, "डरो नक्को बहनजी. इसकू दांतां नैं."

मला हसू फुटलं. ते चारही भोंग्यांतून गेलं. दुसऱ्या दिवशी बाजारात बायका — "का हसलात हो बाई? आमी बी हसलो बगा!"

२ ऑगस्ट

आज दिवसभर रुद्रम्मा आठवते. नळदुर्गाकडची, दर आठवड्याला नवऱ्याबरोबर बाजाराला यायची. चन्नबसप्पांचा पानाचा व्यापार. एकदा ही भोंग्याच्या तारेखालच्या पारावर बसून गुणगुणत होती — अर्धं कानडी, अर्धं मराठी. मी हाताला धरून आत नेली. माइकला आधी हात जोडले तिनं, मग डोळे मिटले आणि गायली. काय गळा! मौलाभाई यंत्र सोडून दाराला टेकून उभे.

तिकडं बाजारात चन्नबसप्पा गिऱ्हाइकाला पानं मोजून देत होते. वरून बायकोचा आवाज! तसेच पळत आले, हातात ओली पानं. धापा टाकत म्हणतात, "घरात माज्याशी दोन शब्द बोलत न्हाय, अन् इथं साऱ्या गावाशी बोलती व्हय!"

आम्ही लई हसलो. रुद्रम्माही. मग ते तिथंच खाली बसले आणि म्हणाले, "आनिक एक म्हन."

इतकं साधं होतं सगळं. आणि आपण त्याला रोजचं काम म्हणत होतो!

१८ ऑगस्ट

लिहायचं टाळत होते. लिहिते.

मे महिन्यात मराठीचा अर्धा तास बंद झाला. गाव तापलेलं. भोंगे आता रझाकारांच्या सभांना जायचे, हुकूम आला की मौलाभाई ते बांधून द्यायचे. एका सकाळी शाळेच्या फाटकाशी उभे — "बहनजी, आज के आज भाई के पास जाव. कुछ पुछो नक्को." स्वतः टांगा आणलेला. येडशीपर्यंत माझ्या शेजारी बसून आले. वाटेत दोनदा टांगा अडवला. दोन्ही वेळा म्हणाले, "मेरी बहन है." गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे होते. गाडीतून मी हात केला की नाही, आठवत नाही!

१८ सप्टेंबर

निजाम शरण! बार्शीत पेढे, गुलाल. भाऊ रडले. ढोकीचं त्यांचं सरकीचं गोदाम एप्रिलच्या जाळपोळीत गेलं, त्यानंतर आजच रडले. माझ्या मनात पहिलं काय आलं? — रेडिओघर उघडेल. लाज वाटली.

४ ऑक्टोबर, धाराशिव

आले. रेडिओघर आहे! गोधड्यांना कसर लागलीय, माइकवर बोटभर धूळ. मी उगाच त्याच्यापुढं बसले थोडा वेळ.

तहसीलीतले नवे साहेब भले वाटले. म्हणाले, "दिवाळीला सुरू करू. बोलणार तुम्हीच. यंत्र कोण लावतं?"

"मौलाबक्ष."

साहेबांनी कागद खाली ठेवला. "ते जेलात आहेत. सभांना भोंगे लावून दिले म्हणून."

७ ऑक्टोबर

भाऊ बार्शीहून आले. मी मौलाभाईंच्या बाजूनं जबानी देणार हे कुणीतरी त्यांना सांगितलं.

"कुणासाठी चाललीस तू? माझं गोदाम विसरलीस?"

"विसरले नाही. पण मौलाभाईंनी जाळलं नाही ते."

"लोक काय म्हणतील? शाळेत तरी ठेवतील का तुला?"

ते जेवले नाहीत. तसेच गेले. आईमागं त्यांनीच वाढवलं मला. पाणी तरी प्यायचं होतं.

८ ऑक्टोबर

दिली.

टांग्याचं सांगितलं, येडशीचं सांगितलं. लिहून घेणारे म्हणाले, "पण भोंगे बांधले हे खरं ना?" मी म्हणाले, "हुकमानं बांधले. त्याच सरकारचे हुकूम माइकवर मीही वाचलेत. मग मलाही आत घाला!" आवाज चढला माझा. त्यांनी लिहिलं, मी सही केली. बाहेर ओसरीवर दोघी ओळखीच्या उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं.

११ ऑक्टोबर

शाळेत कुणी बोलत नाही. मुली बोलतात.

२३ ऑक्टोबर

मौलाभाई सुटले! शाळेतून तशीच त्यांच्या घरी गेले. खाटेवर बसले होते, दाढी पांढरीफटक. मी एका दमात सांगितलं — यंत्र शाबूत आहे, दिवाळीची तारीख ठरलीय, रुद्रम्माला निरोप धाडलाय. ते नुसते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी परत सगळं सांगितलं.

त्यांच्या बायकोनं, सुग्राभाभींनी, नातीची पाटी माझ्या हातात दिली. "लिखके बताव, बहनजी. कानां पे मारे उनकू."