स्टीम कोण बंद करणार

१८ सप्टेंबर २००६, वरोरा
गॅसगळती दाखवणारी दोन सॉफ्टवेअर पाहिली. गॅसचे जुने सेन्सर मेले आहेत, नवे घ्यायचेच. बोबडेंना, म्हणजे मॅनेजरना, पुन्हा सांगितलं: सोयाबीनचं तेल काढतो तो सॉल्व्हंट पेट्रोलसारखा. वाफ साठली की एक ठिणगी पुरते. हुकूम मिळाला की जुना पीएलसी, म्हणजे कंट्रोलचा डबा, आपणहून स्टीम बंद करतो. नव्या सॉफ्टवेअरनं त्याच्याशी बोललं पाहिजे. पहिलं बोलतं; दिसायला कुरूप. दुसरं नुसतं दाखवतं. रंग छान.

२१ सप्टेंबर
शेठनी दुसरं घेतलं. नागपुरात बसून प्लांट दिसतो म्हणून. म्हटलं, जळतानाही दिसेल. बोबडे टेबलाखाली माझा पाय दाबत होते.

२७ सप्टेंबर
सॉफ्टवेअरवाल्यांचा इंजिनिअर आला. पीएलसीला हुकूम कसा जाणार? "सर, नेक्स्ट व्हर्जनमध्ये." कधी? लॅपटॉप मिटून चहा मागितला.
बाजारात नवं सोयाबीन दिसू लागलं. ते थांबणार नाही.

३ ऑक्टोबर
डेमो. शेठ, पाहुणे, पेढे. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला बोळा सेन्सरखाली धरला. स्क्रीन लाल. जरा वेळानं स्टीम बंद. टाळ्या.
स्क्रीनपासून पीएलसीपर्यंतची तार कुठे आहे, शोधत गेलो. तार नव्हती. जुन्या पॅनेलच्या खोलीत रफीकभाई उभे, कंत्राटातले हमाल. हातात बोबडेंचा मोबाइल. इंजिनिअरनं मिस्ड कॉल दिला, यांनी स्टीम बंद करायचं बटण दाबलं.
सॉल्व्हंट प्लांटात मोबाइल. फाटकावर बंदीची पाटी आहे. मीच लावलेली, सेफ्टी माझ्याकडे.

४ ऑक्टोबर
बोबडेंशी भांडलो. तात्पुरतं आहे म्हणतात. लाल दिसलं की ऑपरेटरनं फोन करायचा, रफीकभाईंनी बटण दाबायचं. "मधात मानूस हाये ना. अजून काय पायजे तुमाले?"
रात्रपाळीला? ऑपरेटर स्वतः पळेल म्हणे. मधे अख्खं गोदाम आणि एक जिना.

५ ऑक्टोबर
शेठना गाठायचं ठरवलं. सायकल स्टँडवर रफीकभाई वाट पाहत होते.
"साहेब, तुमी वर सांगून राह्यले म्हने. नोका सांगू."
काऊन?
"जिंदगीभर पोते वाह्यले. पाठ गेली. आता खुर्ची भेटली, वर पंखा. तुमची तार आली का माही खुर्ची गेली."
म्हटलं, स्फोट झाला तर पहिले तुम्हीच जाल.
"जाईन तं बसल्या बसल्या जाईन."
स्वतःच हसले. मला भयंकर राग आला. शेठचा, बोबडेंचा होताच, आता त्यांचाही.

९ ऑक्टोबर
प्लांट सुरू. रमजान आहे. रफीकभाई रोजा सोडायलाही उठत नाहीत, खजूर खुर्चीवरच.

११ ऑक्टोबर
दुपारी लाल. खरं लाल, पंपाचं सील गळत होतं. फोन लागेना, नेटवर्क नाही. ऑपरेटर धावत गेला, जिन्यावर पडला, उठून पुन्हा धावला. वाचलो.
बोबडेंनी यावर दोन शिट्ट्या मागवल्या. एक ऑपरेटरला, एक रफीकभाईंना. दुसरी कशाला, विचारलं. "पोच द्याले." हे सगळं लिहून ठेवतोय, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही.

१३ ऑक्टोबर
शेठशी फोनवर बोललो. दोनच मागण्या: ते पहिलं, कुरूप सॉफ्टवेअर आणा, आणि रफीकभाईंना खुर्चीचंच काम राहू द्या. म्हणाले, दोन्हीपैकी एक मिळेल, सोमवारपर्यंत कळवा. तोवर प्लांट चालू ठेवा.
ठेवला नाही. आधी सॉल्व्हंटचे पंप बंद केले, मग स्टीमचा मुख्य व्हॉल्व्ह हातानं. त्याचं चाक काढून पिशवीत घातलं, घरी आणलं. बायको म्हणाली, हे काय आणि? सांगितलं नाही.

१४ ऑक्टोबर
सकाळीच दारात बोबडे. मागे रफीकभाई. बोबडे चाक मागत होते, आधी ओरडून, मग हात जोडून. शेवटी रफीकभाई म्हणाले,
"साहेब, माही खुर्ची गेली तं जाऊ द्या. पन बाहेर सोयाबीनचे ट्रक उभे हायेत. हमालायले घरी जा म्हनू का थांबा म्हनू, तेवढं सांगा."
दोघांना आत बसवलं आहे. चाक त्यांच्यासमोरच, कॉटखाली. काय सांगायचं ते अजून ठरत नाही.