वर्गणी परत

मंगळवार, ९ मार्च

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्रच लिहायला बसले. वहिनीची कंबर आता कशी आहे? इकडे तसं बरं चाललंय. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी एकदाची बदलून घेतली. बाबांचा खोकला कमी आहे. मला शाळेत यंदाही शिकवायला सातवीच दिलीय.

आणि हो, मासिकांचं प्रकरण मिटलं. तुला ते ठाऊक नसेल. गेल्या वर्षभरात बाबांनी फोनवरून ढीगभर मासिकांच्या वर्गण्या भरल्या. नौकानयन, विणकाम, बालसंगोपन, शरीरसौष्ठव. घरात ना होडी ना बाळ. विचारलं की म्हणायचे, "वाचतो की." वाचतात कसले, पाकिटंही न फोडता पलंगाखाली सरकवलेली. पेन्शनीला चांगलंच भगदाड पडायला लागलं, तेव्हा मी कंपनीशी भांडायचं ठरवलं.

फोन लावला की तिथल्या ह्याने त्याच्याकडे टोलवायचं, त्याने तिसऱ्याकडे, आणि मधल्या वेळात तीच ती धून. कान किटले माझे. शेवटी तक्रारी बघणारे एक गृहस्थ फोनवर आले. माणूस सभ्य होता. म्हणाले, "ताई, त्यांनी स्वतः होकार दिलाय आणि रद्द करायची मुदतही गेली. आता एकच वाट आहे. त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, असं घरच्यांनी सांगितलं तर वर्गणी परत करता येते."

मी सांगितलं. मासिकांचे गठ्ठे बांधत होते, म्हणून फोन स्पीकरवर होता. म्हटलं, "माझ्या वडिलांचं डोकं ठिकाणावर नसतं हल्ली. कोणीही फोन करावा आणि त्यांना टोपी घालावी."

एवढ्यावर संपलं असतं, तर हे पत्र मी लिहिलंच नसतं. पण आवाज ओळखून सांगा म्हणून त्यांनी मला पहिल्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं.

एक मुलगी बोलत होती. पुढच्या सगळ्या वर्गण्याही तिनेच घेतलेल्या. "सर, आपणास वाचनाची... आमच्या समूहातर्फे आपणास..." आणि गाडं अडलं. पाठ केलेलं विसरली बिचारी. मला वाटलं, आता बाबा फोन आपटणार. बाबा म्हणाले, "घाई नको. श्वास घे. पुन्हा पहिल्यापासून म्हण."

तिने म्हटलं. पुन्हा अडली आणि रडायलाच लागली. "नुकतीच लागलेय सर. अजून एकही खपलं नाही. काढून टाकतील मला."

"नाही काढत. मी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच बंद पडते. माझ्याकडे भिंतीला धडकलेली माणसं आज ट्रक चालवतात. कोणतं खपवायला सांगितलंय तुला?"

"नौकानयन, सर."

"मग तेच लिही. आणि पुढच्या माणसाशी बोलताना किंमत शेवटी सांग. आधी सांगितलीस की लोक बिचकतात."

दादा, आपल्याला गाडी शिकवणारे बाबा तुला आठवत असतील. क्लच जरा लवकर सुटला की दणका. भर चौकात, सगळ्यांदेखत तुला खाली उतरवलं आणि चावी काढून घेतली, तेव्हा मी मागच्या सीटवर होते. तू मामाकडे निघून गेलास, तो पुन्हा नीट घरी आलाच नाहीस. मी मग शिकलेच नाही. त्यांच्या गळ्यात असा मऊ आवाज आहे, हे मला परक्यांच्या फोनवर कळलं.

त्या गृहस्थांनी विचारलं, "आवाज त्यांचाच ना?"

"हो."

"आणि त्यांना कळत नव्हतं, हे तुमचं म्हणणं कायम?"

तेव्हा मला नाही म्हणता आलं असतं. पण इतके दिवस भांडून हाताशी आलेलं सोडवेना. मी म्हटलं, "कायम."

वळून पाहिलं तर बाबा दारात उभे. कधीपासून, कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "तिचं कमिशन कापतील गं आता." आणि आत गेले.

वर्गणी सगळी परत आली. बाबा माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दूधवाला हिशोबाला आला तर त्याला शांतपणे म्हणाले, "मुलीला विचारा, मला कळत नाही." बँकेच्या कागदावर सही करेनात. फोन शेजारी वाजतो आणि ते भिंतीकडे बघत बसतात. मी कंपनीला पुन्हा फोन केला, माझं म्हणणं मागे घेते म्हटलं. ते गृहस्थ म्हणाले, ती मुलगी आता आमच्याकडे नाही. हे बाबांना सांगायची माझी छाती झालेली नाही.

ते रेकॉर्डिंग तुझ्यासाठी मागितलं होतं, पण ते बाहेर देत नाहीत. म्हणून आठवतंय तसं लिहून काढलं. तुला त्यातून काही ऐकू येतंय का, मला माहीत नाही. त्यांनी तुला माफ केलंय किंवा तू त्यांना करावंस, असलं काही मी म्हणत नाही. मी कोण म्हणणार?

पण लिहावंसं वाटलं, तर त्यांना चार ओळी लिही. चौकशी माझ्याकडे करू नकोस, त्यांनाच विचार. काहीतरी असं विचार, ज्याचं उत्तर त्यांनाच द्यावं लागेल. आणि पाकिटावर नाव त्यांचंच घाल.

रोज त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरणारी,
तुझी धाकटी