चंपाषष्ठीच्या आधीचं वांगं

धुळे. कार्तिक वद्य ८, शके १८६५
ही सावद्याला जाऊन पंधरा दिवस झाले. लेकीचं बाळंतपण. जाताना चूल आणि आई दोन्ही माझ्यावर सोपवून गेली; धूर दोन्हींकडून. आज ज्वारीच्या कण्या, वर ताक. फोडणी नावापुरती. लढाईने तेलसुद्धा फौजेत भरती केलेलं दिसतं. चव बरी होती, हे माझं मत. आईने दोन घास घेऊन ताट सरकवलं.
"भरीत कर."
वैद्यबुवा म्हणतात, ताप गेला; आता पोटात अन्न गेलं नाही तर माझ्या पुड्या फुकट.

का. व. ९
आमच्याकडे कांदा-लसूण-वांगं आषाढीला बंद. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरी दाखवली की सुटतं. नेम आईचाच. पन्नास वर्षांचा. बाबांनी एकदा कार्तिकात वांगी आणली, ती पिशवीसकट परत गेली होती. आणि आता तीच...
"आई, अजून चंपाषष्ठी व्हायचीय."
"होईल. तू भरीत कर."
तापाने विसरली? की मीच काही विसरतोय?

का. व. १०
युक्ती केली. दुधी निखाऱ्यावर भाजला, ठेचला, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, कोथिंबीर. आईने बोटभर चाखलं.
"दुधी आहे."
"हो."
"बिचारा. त्याला काय सांगून भाजलास?"
एवढं कळतं त्या बाईला महिना कळत नाही? मग उरलेला दुधी मीच खाल्ला. दोन वेळा.

का. व. १२
ग्रंथ काढले. आजाऱ्याला सवलत आहे. पण नेम मोडतोय हे ज्याचं त्याला ठाऊक नको? नेम करणाराच विसरला तर तो नेम कुणाचा? शास्त्रकारांच्या आया बहुधा जेवत असाव्यात.
शेजारच्या सखूअक्का विस्तव न्यायला आल्या. मूळच्या शिंदखेड्याकडच्या, बोलणं तिखट.
"माय उपाशी शे, अन् तू पोथी चाळी ऱ्हायना?"
म्हटलं, "अक्का, उद्या तिला आठवलं तर माझ्या हातचं पाणी घेणार नाही."
"नही लिधं तं मी पाजसू!"
विस्तव घेऊन गेल्या. माझी पोथी उघडीच.

का. व. १४
आज फक्त पाणी प्याली. हात धरला तर काडी. उठलो, बाजारातून दोन हिरवी वांगी आणली, उपरण्याखाली झाकून. हंगामाची, मातीमोल. मागच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या. संस्कृतात वांग्याला वार्ताक म्हणतात. पहिला वार्ताक साप्ताहिकाच्या या वार्ताहराच्या तोंडावर फुटला. भाजण्याआधी टोचायचं असतं, हे कुठल्या कोशात नाही. दुसरं नीट. मिरच्या-लसूण त्याच विस्तवात, मग सगळं काठवटीत ठेचून कांद्याची पात, दाणे. कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद दळलेला होता, हिची कृपा.
आईने दीड भाकरी खाल्ली. दीड! मी शेजारी पिठलं खात बसलो. तिने माझ्या ताटाकडे पाहिलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.
स्वयंपाक केला की पाप, ठरत नाही.

मार्गशीर्ष शु. ३
तीनदा भरीत झालं. आई ओसरीपर्यंत चालत आली, भाजीवालीशी भांडली. मी भिंतीवरचं पंचांग काढून ट्रंकेत ठेवलं. गल्लीला तिथी सांगणारा मी. आई म्हणाली, "खिळा मोकळा दिसतोय." म्हटलं, "पान फाटलंय." साप्ताहिकाला बातमीपत्र पाठवलं: नळाला पाणी नाही. घरची बातमी नाही पाठवली.

मार्ग. शु. ६
सकाळी पिठलं टाकणार, तोच सखूअक्का दारात, हातात झाकलेलं ताट. थांबवावं म्हणून डोळे मोठे केले. व्यर्थ.
"माय, आज चंपाषष्टी! खंडोबाना परसाद ल्या!"
मी चुलीत फुंकत राहिलो. लाकडं चांगली पेटलेली होती.
आईने ताट कपाळाला लावलं. भाकरी मोडली, तिच्यावर भरीत घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.
"घे. तुझा नेम आज सुटला."
"आणि तुझा?"
ती भरतातलं मिरचीचं देठ शोधत होती. सापडलं, बाजूला ठेवलं.
"सखूचं जरा अळणी झालंय," म्हणाली. "खा, निवेल."