खिडकीतल्या दोन मेणबत्त्या

मनीषनगर, नागपूर
शनिवार, २८ नोव्हेंबर २०२०

चि. प्रेमानंद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

माझ्या तीन पत्रांना तुझं उत्तर नाही. पोस्टमनला नावं ठेवून झाली, आता तुझा नंबर. फोन करून उपयोग नाही, तुझे कान खापरखेड्याच्या टर्बाइननं कधीच नेले. मोबाइलवर दोन ओळी पाठवाव्या, तर सरिता गेल्याचा निरोप त्याच्यावर आला म्हणून तू तो कपाटात कुलपात घातलास. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण भावाची खबर बहिणीनं घ्यावी तरी कशी?

उद्या आगमनाचा पहिला रविवार, नाताळ चार आठवड्यांवर आला. हे पत्र पोचेल तोवर तो उलटूनही गेला असेल. चर्चमध्ये पासष्टच्या वरच्यांनी येऊ नये असं कळवलंय, म्हणजे आपण दोघेही बाद. तुझ्या संसारात दर वर्षी सरिता चार मेणबत्त्या आणून ठेवायची. यंदा तू लाव, दर रविवारी एक वाढवत. पहिली आशेची. आशा वाटत नसली तरी लाव, मेणबत्तीला ते कळत नाही.

माझं उत्तम चाललंय. या फ्लॅटमध्ये फेब्रुवारीत आले, तेव्हापासून सगळं तिसऱ्या मजल्यावर पोचतं. दूधवाला दोरीच्या पिशवीत दूध टाकतो आणि त्याच पिशवीतून माझी पत्रं घेऊन जातो. त्यानं काल संत्री आणून दिली, आंबट निघाली.

घराबाहेर का पडत नाहीस, ते चार ओळींत लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझ्या अक्षराची वाट पाहणारी,
कुसुमताई


खापरखेडा
गुरुवार, ३ डिसेंबर २०२०

ती. कुसुमताईस,
प्रेमानंदचा सलाम. वि. वि.

तुझी चारही पत्रं मिळाली. मी जिवंत आहे. दोन वेळचा भात लावतो, किराणावाला सामान पायरीवर ठेवून जातो. वीज केंद्रात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या फडताळात मेणबत्त्यांचं पुडकं निघालं. रविवार गेला होता, तरी काल एक लावली. विशेष काही वाटलं नाही.

बाहेर काहून जात नाही, असं तू दर पत्रात विचारतेस. एकदाच सांगतो. मास्क लागल्यापासून मला कोणाचे ओठ दिसत नाहीत. ओठ पाहूनच तर मी ऐकत होतो. आता माणसं समोर उभी राहतात आणि नुसते डोळे हलतात. ते रागावलेत की विचारपूस करून राहिले, समजत नाही.

दुसरं कारण इंदूबाई. समोरच्या घरातल्या, सरिताची जिवाची मैत्रीण. ऑगस्टमध्ये आधी मी पडलो, मग सरिता. तेव्हा अख्ख्या ले-आउटमध्ये त्या एकट्या रोज डबा आणत होत्या. सरिताला नागपूरला नेलं त्याच आठवड्यात त्याही आजारी पडल्या. वीस दिवस हॉस्पिटलात. त्या परत आल्या, सरिता आली नाही. आजार माझ्या घरून गेला, ताई. मी पडद्याआडून त्यांना गाडीतून उतरताना पाहिलं. मुलाच्या खांद्याला धरून एकेक पाऊल टाकत होत्या. त्या दिवसापासून दूध-किराण्यापुरती फट सोडली तर समोरचं दार मी उघडलं नाही.

आता पुन्हा विचारू नकोस. तब्येतीला जप.

तुझा,
प्रेमानंद


खापरखेडा
मंगळवार, ८ डिसेंबर २०२०

ती. कुसुमताईस,
सलाम. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आत लिहितोय, यावरून समज की काहीतरी घडलं.

परवा रविवारी तुझ्या सांगण्याप्रमाणे दिवेलागणीला मी दोन मेणबत्त्या लावल्या. टेबलावर जागा नव्हती म्हणून समोरच्या खिडकीत ठेवल्या. तारीख सहा डिसेंबर होती, हे ध्यानातच नव्हतं. पडदा सारला तर समोर इंदूबाईंच्या ओट्यावर मेणबत्त्यांची रांग. पलीकडे वानखेड्यांकडे, त्याच्या पलीकडेही. यंदा विहारात जमायचं नाही म्हणून सगळ्यांनी बाबासाहेबांना घरूनच अभिवादन केलं असणार. मी घाईनं पडदा ओढला, पण मेणबत्त्या पडद्याच्या पलीकडे राहिल्या.

काल सकाळी दूध घ्यायला दाराची फट उघडली, तर व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. जसंच्या तसं उतरवतो: "भाऊ, काल तुमच्या खिडकीत दोन मेनबत्त्या दिसल्या. बाबासाहेबांची आठवन ठेवली, लय बरं वाटलं. पन दार काहून उघडत नाही?"

ताई, मी ते वाचत नव्हतो, पाहत होतो. इंदूबाईंना अक्षरं सरितानं शिकवली. बुद्धवंदना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची म्हणून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्या आमच्या स्वयंपाकघरात पाटी घेऊन बसत. 'भाऊ'मधल्या 'ऊ'ची शेपटी पार शिरोरेषेच्या वर नेलेली. ती सरिताची खोड. मी फरशीवर बसलो तो दूध नासेपर्यंत बसलो.

आता पेच असा. त्या मेणबत्त्या त्यांच्यासाठी नव्हत्या. सांगावं तर बाईंचं मन मोडेल. न सांगावं तर फुकटचा मान खाल्ल्यासारखं होतं. काय करू?

उत्तराची वाट पाहतो.
प्रेमानंद


मनीषनगर, नागपूर
शनिवार, १२ डिसेंबर २०२०

चि. प्रेमानंद यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी चारदा वाचलं, त्यातलं एकदा मोठ्यानं, भिंतींना ऐकवायला. अडुसष्टाव्या वर्षी माझा भाऊ दोन मेणबत्त्या लावून पेचात पडला! लहानपणी पाद्रीसाहेबांचे पेरू चोरून आणलेस आणि नंतर स्वतःच जाऊन सांगितलंस, तो तूच ना?

खरं सांग. शेजार खोट्यावर टिकत नाही. आणि सांगायचंच आहे तर नुसतं मेणबत्त्यांचं सांगू नकोस, आजाराचंही सांग. मी पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते. आजार कोणाकडून कोणाकडे गेला याचा हिशेब देवाशिवाय कोणाला जमत नाही, हे मी शंभर नातेवाइकांना समजावलंय. पण समजावून कोणाचं ओझं उतरलेलं पाहिलं नाही. ज्याच्याबद्दल वाटतं, त्यालाच बोलून दाखवलं की उतरतं.

तुला ऐकू येत नाही हे कारण मला सांगू नकोस. बाईंनी तुला खडू दाखवलाय.

उद्याचा तिसरा रविवार आनंदाचा. मी तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी करणार आहे, एकटीपुरती. ती नेहमीच जास्त होते.

हट्टीपणा सोडशील तर जास्त लाडका होशील.
कुसुमताई


खापरखेडा
बुधवार, १६ डिसेंबर २०२०

ती. कुसुमताईस,
सलाम. वि. वि.

तुझं पत्र काल सकाळी आलं. दुपारी गल्लीत कोणी नसताना मी खडूनं त्यांच्या पायरीवर लिहून आलो. ऑगस्टनंतर प्रथमच रस्ता ओलांडला. लिहिलं की त्या मेणबत्त्या आमच्या आगमनाच्या रविवारच्या होत्या, खोटा मान घेत नाही. तुम्हाला आजार माझ्या घरून लागला, माफ करा. लिहून पळत घरी आलो. या वयात पळालो, हसू नकोस.

तासाभरानं दारावरची काच थरथरली, म्हणजे कोणी दार वाजवलं. उघडलं तर इंदूबाई अंगणात खुर्ची मांडून बसल्या होत्या, मुलगा धम्मानंद फाटकाशी उभा. दहा-बारा फुटांचं अंतर ठेवून त्यांनी मास्क खाली ओढला आणि ओठ मोठे करून सावकाश बोलल्या, सरिता बोलायची तसं. मला शब्द न् शब्द कळला.

मेणबत्त्यांचं ऐकून त्यांना काहीच वाईट वाटलं नव्हतं. म्हणाल्या, उजेड दोघांच्या अंगणात पडला, त्यात काय. आजाराचं म्हणाल्या की कुठून आला ते त्या आजारालाच माहीत, त्यांचा धम्मानंद रोज ड्यूटीवर जात होताच की. पण राग होता. तो निराळाच होता. त्या म्हणाल्या, "माही मास्तरीण गेली, अन् मले रडाले तुमचंच एक दार होतं ना भाऊ. तेच तुम्ही लावून घेतलं."

ताई, चार महिने मी समजत होतो की त्या दाराकडे रागानं पाहतात. त्या रडायला जागा शोधत होत्या.

मग आम्ही दोघं रडलो. धम्मानंद दुसरीकडे पाहत राहिला. शेवटी त्यांनी विचारलं, आगमन म्हणजे कोण येणार? मी माझ्या परीनं सांगितलं. त्या हसल्या नि म्हणाल्या, "कोनी येनार म्हनून दिवा लावता, अन् दाराले आतून कडी घालता?" रविवारच्या प्रवचनापेक्षा बरं होतं.

तिसरी मेणबत्ती त्यांच्यासमोर लावली, दोन दिवस उशिरा. दार उघडं होतं.

आता तुझं. कान गेलेल्या माणसाला वाचण्यावाचून काम नसतं, म्हणून तुझी सगळी पत्रं काल पुन्हा वाचली. दूध दोरीनं, संत्री दोरीनं, पत्रं दोरीनं. आमटी एकटीपुरती. मला बाहेर पड म्हणून पाच पत्रांत सांगितलंस. पण तू स्वतः जिना उतरल्याचं एकाही पत्रात नाही. शेवटची कधी उतरलीस, ताई?

खरं लिहावं, ही विनंती.
प्रेमानंद


मनीषनगर, नागपूर
शुक्रवार, १८ डिसेंबर २०२०

चि. प्रेमानंद यास,
आशीर्वाद. वि. वि.

मार्चच्या एकविसाव्या तारखेला.

आधी नियम होता, मग गुडघ्याचं निमित्त होतं. आता दोन्ही खरं नाही. पायरीवर उभी राहिले की छाती धडधडते आणि मी आत येते. बहात्तर वर्षांची नर्स कठड्याला धरून परत फिरते, हे कोणाला सांगू?

आणखी एक आहे. ते सांगितल्याशिवाय वरचं सांगण्यात अर्थ नाही. सरिता ज्या हॉस्पिटलात होती, ते माझ्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. तू तिकडे घरात कोंडलेला, तापानं फणफणलेला. तिचं नागपुरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आत सोडत नव्हते हे खरं. पण लोक फाटकाशी तरी उभे राहत होते, चिठ्ठ्या पाठवत होते, नर्सला गाठून विचारत होते. मी ते सगळं आतून ओळखते. फाटकाशी कोणी उभं आहे हे पेशंटला सांगितलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते मी पस्तीस वर्षं पाहिलंय. सहा दिवस ती तिथे होती. मी रोज सकाळी साडी नेसून तयार व्हायचे आणि पायरीवरून परत फिरायचे. ती गेली त्या दिवशीसुद्धा मी तयार होऊन बसले होते.

तुला मी शहाणपण शिकवत होते कारण स्वतःला शिकवता येत नव्हतं. तू रागावलास तर मला चालेल. पण पत्र मात्र बंद करू नकोस.

कुसुमताई


खापरखेडा
सोमवार, २१ डिसेंबर २०२०

ती. कुसुमताईस,
सलाम.

पत्र आज सकाळी मिळालं, आजच स्पीड पोस्टनं उत्तर टाकतो, म्हणून थोडक्यात.

मी रागावलो. सकाळभर रागावलो होतो. मग आठवलं की मीही पडद्याआडच उभा होतो. इंदूबाई माझ्यावर जेवढं रागावल्या, तेवढंच मी तुझ्यावर रागावणार. जास्तीचा हक्क मला नाही.

सरिताची कबर आपण दोघांनीही पाहिलेली नाही. गुरुवारी, चोवीस तारखेला, धम्मानंदला सुट्टी आहे. त्याच्या व्हॅननं मी, तो आणि इंदूबाई सकाळी अकराला तुझ्या बिल्डिंगखाली येतो. मी वर येणार नाही. हाक मारून तू 'नाही' म्हणालीस तर मला ऐकूही येणार नाही. तू यायचंस. कितीही वेळ लागो, गाडी हलणार नाही.

काल चौथी मेणबत्ती लावली. पुडक्यात अजून दोन उरल्यात.

प्रेमानंद


मनीषनगर, नागपूर
शनिवार, २६ डिसेंबर २०२०

चि. प्रेमानंद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि नाताळचा सलाम, जो परवा रडण्याच्या नादात तुला करायचा राहून गेला. वि. वि.

मला खाली यायला पस्तीस मिनिटं लागली, हे तू घड्याळ लावून मोजलंस आणि बोलूनही दाखवलंस. इंजिनिअर तो इंजिनिअरच. दुसऱ्या मजल्यावर मी दोनदा बसले. खिडकीतून तू दिसत होतास, व्हॅनला टेकून, एकदाही वर न पाहता. पाहिलं असतंस तर मी परत गेले असते.

कब्रस्तानात जे तू ऐकलं नाहीस, ते तुला कळवणं माझं कर्तव्य आहे. तू पाठमोरा होऊन नंबराची पाटी सरळ करत होतास, तेव्हा इंदूबाई मातीशी बसून सरिताला तुझा सगळा अहवाल देत होत्या. भाऊ चहात साखर घालाचं विसरते. दाढी करत नव्हते, आता करते. त्या दिवशी माह्या पायरीवर लिहून पळाले, पोट्ट्यासारखे. मग त्यांनी सरिताला सांगितलं की काळजी करू नका, मास्तरीणबाई, त्यांच्या दाराकडे माहं लक्ष हाय. तू पाटी पुसत होतास. धम्मानंद हसत होता आणि रडत होता.

त्यांचं झाल्यावर मी बसले. तू तेव्हा नळावर पाणी आणायला गेला होतास, आणि मी मुद्दामच ती वेळ धरली. तिला म्हटलं, सरिता, मला उशीर झाला. आणखी बरंच म्हणायचं ठरवलं होतं, पण तेवढंच निघालं. इंदूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मार्चनंतर मला कोणी हात लावला नव्हता. हातालाही वजन असतं, हे विसरले होते.

काल नाताळच्या सकाळी जाग आली, तेव्हा कोणी खाली येणार नव्हतं, कोणी हाक मारणार नव्हतं. तरी साडी नेसले. कुलूप लावलं. छाती धडधडतच होती, तिला म्हटलं, धडधड तू, मी चालले. या खेपेला वीस मिनिटं. सांगितल्याशिवाय मोजली, तुझ्यावर गेले.

खाली फाटकाशी एक तरुण बाई छोट्या मुलीला सायकल शिकवत होती. पहिल्या मजल्यावरची, कामिनी नाव. मी कठड्याला धरून दम घेत होते. तिनं खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. मग मास्कवरून नीट न्याहाळून विचारलं की आजी, तुम्हाला इथं कधी पाहिलं नाही, नव्या राहायला आलात का?

खरं सांगायचं तर दहा महिने झाले. पण मी म्हटलं, हो, परवाच आले.

तुझ्यावर, इंदूबाईंवर आणि त्या घरावर माझा जीव आहे. तुमचाही माझ्यावर असाच राहो. आणि चहात साखर घालत जा.

तुझी,
कुसुमताई