ओढ्याकडून आलेलं पाणी

आप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होते. आता माझे केस तुमच्यापेक्षा जास्त पांढरे झालेत. बेळगावात विद्यापीठात शिकवते. विषयाचं नाव लांबलचक आहे, पण काम तुम्हाला सांगण्यासारखं आहे. तापलेली कढई कशी निवते, वाऱ्यानं पूल कसा हलतो, धूर कुठवर पसरतो, असं खऱ्या जगात घडणारं काहीतरी गणितात मांडायचं आणि संगणकाकडून पुन्हा घडवून बघायचं. यंदा माझ्याकडं शिकणाऱ्या एका मुलीला प्रकल्पासाठी पुराचा प्रश्न हवा होता. मी तिला निपाणीजवळचं आपलं गाव दिलं, आणि तुम्ही गेलात त्या सालचा पूर. का दिलं, ते सांगितलं नाही.

त्या दिवशी तुम्ही चुलीपाशी बसून भाकरी खाताय. नदी चढलेली आहे, पण आपल्या गल्लीपासून अजून लांब. आई म्हणते, "आज नगा जाऊ मळ्याकडं." तुम्ही हात धुता धुता म्हणता, "म्हशी दाव्याला हायत गं. सोडतो नि आलोच." मी मागं लागते तशी खेकसता, "घरात बस म्हटलं न्हवं!" तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं तेच. संध्याकाळी म्हशी पोहत माळाला लागल्या, गळ्यात दावं नव्हतं. तुम्ही पाणी ओसरल्यावर सापडलात. दिवसकार्याला काका सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढं पाणी दिसत हुतं, तरी गेला. म्हशींपायी जीव घालवला." गावानंही तेच धरलं. आईनं कधी उलट उत्तर दिलं नाही. तिनं म्हशी विकल्या आणि तंबाखूच्या वखारीत कामाला जाऊ लागली.

त्या मुलीनं गावची जमीन संगणकावर बारीक चौकोनांत कापली होती, प्रत्येक चौकोनाला त्याची उंची दिली होती. पाण्याला शिकवलेलं फार थोडं: वजन किती, उतार कुठं, अडतंय कुठं. तिनं त्या सालच्या नोंदींतला पाऊस घातला, नदी चढवली, आणि थोड्या वेळानं मला हाक मारली. "मॅडम, कायतरी चुकलंय माझं. नदीकडची बाजू कोरडी हाय, नि पाणी गावाच्या मागनं यायलंय." आम्ही सगळं पुन्हा तपासलं. चूक नव्हती. भरलेली नदी गावामागच्या ओढ्याला आत घेईना, म्हणून ओढाच उलटा फिरला होता. मळ्याच्या वाटेवर निळा रंग आवाज न करता पसरत होता. जरा वेळापूर्वी ती वाट पूर्ण कोरडी होती. तुम्ही कोरड्या वाटेनं गेलात, आप्पा. परतायच्या वेळी वाट उरली नव्हती.

त्या यंत्राला तुम्ही ठाऊक नव्हतात. काकांचे शब्द ठाऊक नव्हते. उंचसखल जमीन आणि पाण्याचा स्वभाव, एवढ्यावर त्यानं ती दुपार परत उभी केली. ही समीकरणं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, पण त्यांच्यात एवढं मावतं हे मला माहीत नव्हतं.  मुलगी विचारत होती, "मॅडम, बरोबर हाय न्हवं?" मी मान हलवली. 

रविवारी लॅपटॉप घेऊन गावी गेले. आई आता फार थकली आहे, पण नजर चांगली आहे. तिला नदी दाखवली, ओढा दाखवला, आपलं घर दाखवलं, मग पाणी सोडलं. तिनं पडद्याजवळ वाकून सगळं बघितलं. "म्हंजे त्ये गेलते तवा वाट कोरडी हुती व्हय?"

"व्हय आई."

"मागनं आलं पाणी."

"मागनंच आलं."

"मग त्यांचं काय चुकलं न्हाय," ती म्हणाली, आणि पडद्यावरच्या मळ्यावरून हलकेच बोट फिरवलं. "परत एकदा दाव गं."

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एवढं सांगते. आकडा मनाचा घालायचा नाही, असं मी पोरांना दर वर्षी बजावते. बेळगावला परतल्यावर दार लावून मी मनाचा आकडा घातला. पाऊस थोडा कमी केला. ओढा काठातच राहिला, वाट संध्याकाळपर्यंत कोरडी राहिली. मी शेवटपर्यंत बघत बसले.